दुकानात कॅमेरे लावताय? आधी काय पाहायचे ते ठरवा, मग पैसे मोजा

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयातील एका तरुणाचे मोबाईल दुरुस्ती आणि विक्रीचे दुकान फोडले गेले. शटर एका बाजूने वाकवून चोर आत शिरला आणि कर्जातून भरलेला माल घेऊन गेला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. दुकानात चार कॅमेरे होते. पोलिसांसमोर डीव्हीआर उघडला तेव्हा पडद्यावर एक काळी आकृती आत येताना दिसली, चेहरा नव्हता. कॅमेरा थेट दाराकडे तोंड करून बसवलेला होता आणि बाहेर रस्त्यावरचा दिवा होता, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण सावलीसारखाच दिसत होता. कोपऱ्यात छापून येणारी वेळ जवळपास पावणेतीन तास मागे होती. आठवड्यापूर्वी दोन अनोळखी माणसे दुकानात बराच वेळ रेंगाळून गेल्याचे त्याला आठवत होते, पण डिस्कवर फक्त सहा दिवसांचे चित्रण शिल्लक होते. "दादा, कॅमेरे तर चालू होते ना," एवढेच तो परत परत म्हणत होता.

कॅमेरे चालूच होते, पण ते कशासाठी लावायचे हे कोणी ठरवलेले नव्हते. बसवणारा आला, "साहेब, चार कॅमेरे टाकू, मोबाईलवर दिसेल" म्हणाला, दुपारी ड्रिल मशीन चालवले आणि संध्याकाळी पैसे घेऊन गेला. आपले अनेक तरुण आज मुद्रासारख्या योजनेतून कर्ज काढून दुकान, कार्यशाळा, प्रिंटिंग, कोचिंग क्लास, छोटे हॉटेल सुरू करत आहेत. त्यांच्यासाठी हा विषय जरा खोलात जाऊन मांडत आहे.

चेहरा हवा की हालचाल?

पहिला प्रश्न कंपनीचा किंवा मेगापिक्सेलचा नाही. प्रत्येक कॅमेऱ्याकडून नेमके काय हवे, हा आहे. कोणी आत आले का, एवढेच कळायला हवे का? ओळखीचा माणूस आहे हे कळायला हवे का? की पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवता यायला हवा? या तिन्ही कामांना लागणारे चित्र वेगवेगळे असते.

याचे मोजमाप आहे. व्हिडिओ सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२६७६-४ च्या २०१४ च्या आवृत्तीत, अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची असेल तर त्याच्या जागी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल असावेत असे धरले आहे. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. आता आपल्याकडे सर्वाधिक विकला जाणारा कॅमेरा पाहू. तो २ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे आडव्या रांगेत १९२० पिक्सेल. १९२० ला २५० ने भागले तर ७.६८ मीटर येतात. दृश्याची रुंदी साधारण पावणेआठ मीटरच्या आत असेल तोपर्यंतच चेहरा कामाचा.

या कॅमेऱ्यांत बहुधा २.८ मिमीची रुंद भिंग येते, तिचा कोन साधारण १०० अंशांचा. या कोनात दृश्य पावणेआठ मीटर रुंद व्हायला कॅमेऱ्यापासून जेमतेम सव्वातीन मीटर पुरतात, म्हणजे दहा-साडेदहा फूट. त्यापलीकडचा माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा मोठा करून पाहिला की चौकोनी ठिपके उरतात. चित्रपटात दाखवतात तसे नंतर "झूम करून स्वच्छ" करता येत नाही. जी माहिती टिपलीच गेली नाही, ती कोणतेही सॉफ्टवेअर मागाहून खरी करून देऊ शकत नाही.

म्हणून दुकानात एक कॅमेरा फक्त चेहऱ्यासाठी राखून ठेवावा. तो दाराच्या आत, येणाऱ्याच्या तोंडासमोर, सात-आठ फुटांच्या उंचीवर असावा. बारा फुटांवर छताला लावला तर टोप्या आणि टक्कल तेवढे दिसते. दार लांब असेल तर ६ मिमीची भिंग घ्यावी. तिचा कोन निम्म्यावर येतो आणि त्याच २ मेगापिक्सेलमध्ये पंचवीस फुटांपर्यंतचा चेहरा मिळतो. बाहेरून ऊन किंवा दिव्याचा झोत येत असेल तर डब्ल्यूडीआर ही सोय असलेलाच कॅमेरा मागावा. ती उजेड आणि सावली दोन्ही सांभाळते. स्वस्त कॅमेऱ्यांवर 'डिजिटल डब्ल्यूडीआर' असे लिहिलेले असते, ती केवळ चित्रावरची प्रक्रिया असते. खरा डब्ल्यूडीआर सेन्सरमध्ये असतो. विकणाऱ्याला हा फरक विचारून पाहा. उत्तरावरून माणूसही कळतो.

दुसरा कॅमेरा गल्ल्यावर. इथे चेहऱ्यापेक्षा हात आणि नोटा दिसायला हव्यात, म्हणून तो वरून, काहीसा सरळ खाली पाहणारा असावा. उरलेली जागा, माल, मागचे दार यांना रुंद भिंग चालते. छोट्या दुकानाला तीन कॅमेरे नीट बसवलेले असतील तर पुष्कळ होतात. आठ कॅमेऱ्यांचा 'सेट' घेऊन सहा भिंतींकडे पाहत बसण्यात अर्थ नाही.

रात्रीचे वेगळेच. बहुतेक कॅमेरे अंधारात इन्फ्रारेड दिवे लावून काळे-पांढरे चित्र देतात. समोर काच असेल तर हाच प्रकाश उलटा येऊन चित्र पांढरे करतो, त्यामुळे काचेआडून बाहेर पाहणारा कॅमेरा रात्री निरुपयोगी. या दिव्यांकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि मग रात्रभर पडद्यावर जाळेच चमकत राहते. ऐकायला गमतीचे वाटते, पण फुटेज वाया जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दर पंधरा दिवसांनी झाडू फिरवणे एवढाच यावर उपाय आहे. शक्य असेल तर दुकानात रात्री एक छोटा एलईडी दिवा चालू ठेवावा. त्याचे वीजबिल किरकोळ येते आणि चित्र रंगीत मिळते. चोराचा शर्ट लाल होता की निळा, हे पोलिसांना त्यातूनच कळते.

किती दिवसांचे चित्रण राहील?

हा हिशेब आपल्याला कोणी करून दाखवत नाही, म्हणून इथे करू. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीत सेकंदाला साधारण ४ मेगाबिट माहिती लिहितो. दिवसाला ते सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. १ टीबीची डिस्क पावणेसहा दिवसांत भरते आणि सगळ्यात जुने चित्रण पुसून त्यावरच नवे लिहिले जाते. आमच्या मित्राचे सहा दिवस इथून आले. एच.२६५ पद्धतीत तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा लागते, म्हणजे त्याच डिस्कवर अकरा-साडेअकरा दिवस. महिनाभर हवे असेल तर सुमारे २६०० जीबी लागतात, म्हणून ४ टीबीची डिस्क घ्यावी. कॅमेरा आणि डीव्हीआर दोन्ही एच.२६५ चे असतात, पण बसवणारा सेटिंग जुन्यावरच सोडून जातो, असेही होते. ते त्याच्यासमोर तपासून घ्या.

डिस्क मात्र संगणकाची जुनी काढून लावू देऊ नका. ती चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनलेली नसते. पाळत यंत्रणेसाठी वेगळ्या डिस्क येतात. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक ही नावे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहेत. बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या.

महिन्याचे चित्रण कशाला, असे काही जण विचारतात. चोरी झाली तर दुसऱ्या दिवशीच कळते, हे खरे. पण मालातली तूट महिनाअखेरच्या मोजणीत कळते, ऑनलाइन पैसे दिल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून गेलेला ग्राहक बँकेचा तपशील पाहिल्यावर कळतो, आणि दुकान फोडण्याआधी टेहळणी करून गेलेला माणूस तर दोन-तीन आठवडे मागे सापडतो.

तारा, वीज आणि लपवलेली पेटी

वायफायवर चालणारे, मेमरी कार्ड टाकायचे कॅमेरे घरातल्या पाळण्यावर लक्ष ठेवायला ठीक आहेत. दुकानासाठी ते पुरेसे नाहीत, कारण चोर कॅमेरा उपटून नेतो तेव्हा कार्डही त्याच्याबरोबर जाते. चार ते आठ कॅमेऱ्यांच्या साध्या दुकानाला कोॲक्सियल तारेवरचे एचडी कॅमेरे आणि डीव्हीआर आजही स्वस्त पडतात आणि तालुक्याच्या गावातला कोणताही तंत्रज्ञ ते दुरुस्त करू शकतो. गोदाम, कारखाना, शाळा अशी पसरलेली जागा असेल तर आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर घ्यावेत. त्यात एकाच नेटवर्क तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जाते आणि ती तार १०० मीटरपर्यंत चालते. कोॲक्सियल पद्धतीत १२ व्होल्टची वीज लांब नेली की वाटेतच कमी होते, मग लांबचा कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री दिवे लागताच बंद पडतो. असे होत असेल तर दोष कॅमेऱ्याचा नसून बहुधा तारेचा किंवा कमी क्षमतेच्या पॉवर सप्लायचा असतो.

वीज गेली की यंत्रणा आंधळी होते, आणि आपल्याकडे वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून चाळीस वॅटच्या आसपास खातात. संगणकाचा साधा यूपीएस त्यांना तासभर ओढतो, इन्व्हर्टर असेल तर रात्र निघते. डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो. हवा खेळती राहील अशा कुलूपबंद पेटीत, माळ्यावर किंवा मागच्या खोलीत ठेवा. जमल्यास मोक्याच्या एका कॅमेऱ्याचे चित्रण दुसरीकडेही साठेल अशी सोय करा.

पासवर्ड कोणाकडे आहे?

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेऊन एकाच कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. ही उपकरणे फोडायला काही विशेष बुद्धी लागली नव्हती. मालकांनी कारखान्यातून आलेले पासवर्ड बदललेच नव्हते, आणि विषाणूकडे अशा साठेक पासवर्डची यादी होती.

आपल्याकडची गोष्ट याहून साधी आहे. बसवणारा मुलगा स्वतःच्या मोबाईलवरून ॲप जोडतो, मुख्य खाते त्याच्याच ईमेलवर राहते आणि आपल्याला फक्त पाहण्याची परवानगी मिळते. आपल्या दुकानाचे शटर कधी बंद होते, गल्ला किती वाजता मोजला जातो, घरी जाताना पिशवी कोणाच्या हातात असते, हे सगळे एका परक्या माणसाच्या मोबाईलवर राहते. तो चांगला असेलही, पण त्याचा मोबाईल हरवू शकतो. काम संपताच मुख्य खाते आपल्या नावावर घ्या, पासवर्ड स्वतः टाका, वहीत लिहून घरी ठेवा.

सरकारनेही यात लक्ष घातले आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी जाहीर केल्या आणि त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. त्यानुसार कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर, पासवर्डची पद्धत, सुटे भाग यांची चाचणी व्हावी लागते. प्रमाणित मॉडेलची यादी एसटीक्यूसीच्या संकेतस्थळावर मिळते. खोक्यावर बीआयएसचा, 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. "नाव वेगळे आहे पण आत माल तोच आहे" असे सांगून विकला जाणारा बिनपावतीचा कॅमेरा घेऊ नका.

फुटेज आहे, पण पुरावा आहे का?

चळवळीत काम करणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा, दुकान नसले तरी.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांनी लागला. एक उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर, म्हणजे मुदत संपल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण त्यात महत्त्वाचे ठरले. हे प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक चित्रणाची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. आणि प्रमाणपत्र मागूनही संबंधित अधिकारी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

त्या वेळी हे कलम पुरावा कायद्यातील ६५ ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी तो बदलतो. म्हणूनच पडद्यावर चालू असलेले चित्रण मोबाईलने टिपून व्हॉट्सॲपवर फिरवणे हा पुरावा गोळा करण्याचा मार्ग नव्हे. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करते, ती मूळ फाइल राहत नाही. डीव्हीआरमधून थेट पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, त्याचे हॅश काढा आणि मूळ डिस्क शक्यतो पुसली जाण्याआधी बाजूला काढा. यासाठीच यंत्रातले घड्याळ बरोबर असायला हवे. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय प्रत्येक डीव्हीआरमध्ये असते. इंटरनेट नसेल तर महिन्यातून एकदा हाताने जुळवा. आमच्या मित्राला आधी 'घड्याळ चुकीचे का होते' याचा खुलासा लिहून द्यावा लागला.

पोलीस फुटेज मागायला आले तर सहकार्य करावे, पण लेखी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते नोटीस देऊ शकतात. डीव्हीआर नेला तर पंचनाम्यात त्याचा आणि डिस्कचा अनुक्रमांक लिहिला आहे का पाहा, पोच घ्या.

आता उलट बाजू. वस्तीत मारहाण झाली, मिरवणुकीवर दगडफेक झाली, कोणाला गाडीखाली घातले, तर आजूबाजूच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांत ते आलेले असू शकते. वर केलेला हिशेब आठवा: अनेक दुकानांत ते सहा दिवसांत पुसले जाते. आपण पहिला आठवडा निवेदने आणि धरणे यांत घालवतो आणि फुटेजची मागणी दहाव्या दिवशी करतो. पहिल्याच दिवशी घटनास्थळाभोवती फिरून कोणत्या दुकानावर कोणत्या दिशेला कॅमेरा आहे याची यादी करावी आणि ते फुटेज तात्काळ जप्त करावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी. प्रत वरिष्ठांनाही पाठवावी. दुकानदाराशी भांडू नये. चित्रण पुसू नका एवढी विनंती करावी.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा नियम तर याहून कडक आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडी आणि प्रवेशद्वारासह, आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण अठरा महिने, आणि तशी यंत्रे मिळत नसतील तरी किमान एक वर्ष जपायचे आहे. कोठडीत मारहाणीची तक्रार असेल तर मानवी हक्क आयोग हे फुटेज मागवू शकतो.

कामगारांच्या बाबतीत

आपल्याकडे दोन-चार माणसे कामाला असतील तर कॅमेरे लावण्याआधी त्यांना सांगा. कुठे लावले, कशासाठी लावले, कोण पाहते, किती दिवस राहते. दारावर मराठीत पाटी लावा. शिवणकामाच्या कार्यशाळेत, पार्लरमध्ये, कपड्यांच्या दुकानात कपडे बदलण्याच्या जागी किंवा स्वच्छतागृहात कॅमेरा लावणे हा सरळ गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बाईचे तसे चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ लागते. मायक्रोफोन बंदच ठेवा असे माझे मत आहे. गल्ल्यावरच्या वादात आवाज उपयोगी पडतो हे मान्य, पण दिवसभर माणसांची खासगी बोलणी साठवत राहणे त्यासाठी परवडत नाही.

कायद्यापलीकडचेही थोडे आहे. आपल्या आई-वडिलांपैकी कित्येकांनी गिरणीच्या फाटकावर रोज अंगझडती दिली आहे. आज आपण मालक झालो म्हणून जेवणाच्या डब्यावर कॅमेरा रोखायचा, आणि घरी बसून "तू चार वाजता कुठे गेला होतास" असे फोनवर विचारायचे, हे मी काही ठिकाणी पाहिले आहे. माल आणि पैसा जिथे आहे तिथे कॅमेरा असावा. माणसे जिथे बसून भाकरी खातात तिथे नसावा.

खरेदी करताना दोन ठिकाणची लेखी कोटेशन घ्या, त्यात मॉडेल क्रमांक, भिंगेचा आकार, डिस्कची क्षमता, तारेचा प्रकार आणि वर्षभराच्या देखभालीची अट लिहून मागा. कर्जाचा प्रकल्प अहवाल अजून बँकेत गेला नसेल तर हा खर्च त्यातच धरता येतो. पैसे पूर्ण देण्याआधी रात्री दिवे घालवून मित्राला दारातून आत यायला सांगा, मग डीव्हीआरवरून ते चित्रण स्वतः शोधून पेनड्राइव्हवर उतरवून पाहा. बसवणाऱ्याच्या मदतीशिवाय आपल्याला ते जमले पाहिजे.

त्या तरुणाच्या दुकानात आता तीन कॅमेरे आहेत. दारासमोरच्या कॅमेऱ्याची जागा त्याने स्वतः टेप घेऊन ठरवली. डीव्हीआर माळ्यावर गेला, डिस्क ४ टीबीची झाली. चोरीचा तपास अजून चालू आहे. दर महिन्याच्या एक तारखेला शटर उघडल्यावर तो आधी घड्याळ जुळवतो, झाडूने कोळ्याची जाळी काढतो, मग दुकान लावतो.